राईकडे पाठ

लोफिना म्बेवे वर्गात समुद्र शिकवायची तेव्हा फळ्यावर एक आडवी रेघ ओढायची. रेघेच्या वर आकाश, रेघेच्या खाली पाणी. "हे पाणी खारट असतं," ती सांगायची आणि मुलं फळ्याकडे बघत ओठ चाटायची. वर्षानुवर्षं तिने ती रेघ ओढली. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. आमच्या मलावीला समुद्र नाही; आहे ते सरोवर, आणि तेही तिने एकदाच पाहिलं होतं, लॉरीच्या फळीवर उभी राहून, धुळीतून, लांबून.

तिचा बाप तंबाखूच्या मळ्यावर कूळ होता. हंगाम संपला की मळा बदलायचा, मळा बदलला की झोपडी आणि शाळा बदलायची. एका शाळेत भिंतीवर नकाशाचा डावा भाग उरलेला, दुसऱ्या शाळेत उजवा. असा तिचा भूगोल जोडला गेला. पुढे ती शिक्षिका झाली, डेड्झाच्या डोंगरातल्या या शाळेवर आली आणि इथेच मुरली. नवरा कामासाठी दक्षिणेला गेला. पहिली काही वर्षं निरोप येत होते, मग नुसत्या वावड्या, मग त्याही नाहीत. मुलगा ब्लान्टायरला मिनीबस चालवतो. गावात तिला सगळे बाई म्हणतात, मुखियासुद्धा. कुणाकडे कुणी गेलं की ती डोक्यावर पिठाची पाटी घेऊन इतर बायकांबरोबर जाते, जमिनीवर बसते, रडायच्या वेळी रडते. शिकलेली आहे म्हणून तिने कधी खुर्ची मागितली नाही. पुढे जे झालं ते एखाद्या परक्या, आगाऊ बाईच्या हातून झालं असतं तर गोष्ट सोपी होती.

चष्मे राजधानीहून आले. म्हणायला चष्मे; होत्या त्या काळ्या पेट्याच. डोळ्यांवर ठेवायच्या आणि डोक्यामागे पट्टा आवळायचा. ज्या संस्थेने ते दिले तिचा एक तरुण शाळेत मुक्कामाला राहिला, छपरावर सौर पत्रा बसवला, बटणं दाखवली, सगळ्यांशी हात मिळवून गेला. खोक्यावर इंग्रजीत आभासी जगाबद्दल काहीतरी छापलेलं होतं. ते खोकं मग खडू ठेवायला उपयोगी पडलं.

लोफिनाने पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हा समोर समुद्र होता. लाट पायांशी आली तशी तिने कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड घोट्यांवर उचलून धरलं. मुलं खिदळली. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर रेघ ओढली नाही.

चष्मे थोडे आणि मुलं वर्गात मावत नव्हती. म्हणून तिने एक नियम केला. ज्याने चष्मा काढला त्याने बाकीच्यांना एक गोष्ट सांगायची, जी त्याच्याआधी कुणी सांगितलेली नाही. पहिल्या काही मुलांतच लाटा संपल्या, होड्या संपल्या, पक्षी संपले. पुढची मुलं अडून बसली.

"समोरचं काय, सगळेच बघतात," लोफिना म्हणाली. "मान वळवा की. मागे बघा. यात चारी बाजूंना जग आहे."

मागे बघण्यात तिओंगे सगळ्यांच्या पुढे होती. सातवीतली पोर, हाडं टोकदार, आवाज मोठा. आमच्याकडे मुलींनी मोठ्यांशी बोलताना जमिनीकडे बघायचं असतं. ही डोळ्यांत बघायची. समुद्राच्या चित्रात तिने पाठीमागच्या वाळूवर एक म्हातारी शोधून काढली. ती झग्याचा ओला काठ पिळत उभी होती.

"तिला समुद्र नकोच आहे, बाई," तिओंगे म्हणाली. "तिला घरी जायचंय."

त्या दिवशी लोफिना चुलीपुढे मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत असताना हात थांबवून बसली. तो समुद्र तिने कितीदा तरी पाहिला होता. ती म्हातारी तिला दिसली नव्हती.

मग संस्थेने एक कॅमेरा पाठवला. मुठीएवढा काळा गोळा, अंगभर भिंगं, खाली तीन पायांची काठी. प्रत्येक शाळेने आपला मुलूख टिपून पाठवायचा, आणि मग इकडचं तिकडे बघायचं: सरोवराकाठच्या मुलांनी डोंगर बघायचा, डोंगरातल्यांनी सरोवर. लोफिनाला मातीची धूप दाखवायची होती. आमचा डोंगर उघडा पडलाय. सरपणापायी सगळी झाडं गेली. पावसात लाल माती ओढ्यात उतरते आणि ओढा रक्तासारखा वाहतो. झाडं उरली आहेत ती एकाच जागी, मसणवटीच्या राईत. तिथे कुऱ्हाड चालत नाही. तिथे मेलेले झोपलेले आहेत, आणि तिथेच ती जनावरंही राहतात.

जनावरं म्हणजे गुले नावाच्या मुखवट्यांच्या नाचात नाचणारी. कुणी मेलं, किंवा मेलेल्याचं वर्षश्राद्ध असलं, की ढोल वाजतात आणि ती राईतून बाहेर पडतात, लाकडी तोंडांची, चिंध्यांची, पिसांची. नाचतात, बायकांच्या अंगावर धावून जातात, आणि पुन्हा राईत जातात. त्यांच्यात माणूस आहे असं कुणी म्हणत नाही. बायकांना ठाऊक नसतं असं नाही. कुठली बाई आपल्या नवऱ्याचे पाय ओळखणार नाही? पण ठाऊक असणं वेगळं आणि ओठांवर आणणं वेगळं. पुरुष लपवतात आणि बायका न बघितल्यासारखं करतात. दोघांनी मिळून धरलेलं ते एक आडवस्त्र आहे, आणि एकाने जरी हात सोडला तरी सगळं गाव उघडं पडतं, असं जुनी माणसं मानतात. राईजवळच्या वळणावर बायका चितेंजे सावरून मान ओढ्याकडे वळवतात. लहानपणी आईने हनुवटी धरून वळवलेली असते. पुढे ती आपोआप वळते.

त्या वळणावरूनच सगळा उतार दिसतो. लोफिनाने काठी तिथे रोवली, बायकांना जिथपर्यंत जाता येतं तिथेच, एक पाऊल पुढे नाही. मुखियाच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, गावात मक्याची दारू मुरत होती, राईच्या पलीकडे ढोल तापत होते. लोफिनाने गोळ्यावरचा लाल दिवा ओढ्याच्या बाजूला केला. तो पुढचा भाग असं तिने धरलं. स्वतः जशी उभी राहिली असती तसंच तिने त्याला उभं केलं: तोंड ओढ्याकडे, पाठ राईकडे. मग चित्रात आपण येऊ नये म्हणून ती खाली उतरून गेली.

त्या गोळ्याला पाठ नव्हती. हे तिला ठाऊक होतं, तिनेच मुलांना शिकवलं होतं. पण त्या जागी ती बाई नव्हती, आईने हनुवटी धरून वळवलेली मुलगी होती.

आधी तिने एकटीने चित्र पाहिलं. उतार दिसला, घळी दिसल्या, ओढा दिसला. चांगलं आलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळून बघायचं तिच्या मनातच आलं नाही.

वर्गात तिओंगेचा नंबर आला. तिने थोडा वेळ समोर पाहिलं, मग मान वळवली, मग बाकावर गुडघे टेकून अंगच वळवलं. चष्मा लावलेल्या माणसाला वाटतं, आपण एकटेच आहोत. तो बहिऱ्यासारखा मोठ्याने बोलतो.

"अय्या, मामा!" तिओंगे हसत ओरडली. "बाई, आमचा मामा पाणी पितोय! तोंड काढून मांडीवर ठेवलंय आणि पाणी पितोय! पायाला माझंच फडकं आहे, पिवळं, मीच बांधलं होतं त्या सकाळी!"

वर्गात कुणी हललं नाही. मुली बाकाकडे बघू लागल्या. मुलग्यांतले जे राईत जाऊन आलेले होते, ज्यांना तिथे शपथ घातलेली होती, त्यांची तोंडं एकाएकी मोठ्या माणसांची झाली. त्यांच्यातला योटामू उठला.

"बाई, पाणी पिऊन येतो."

तो माठाकडे गेला नाही. खिडकीतून तो मसणवटीच्या वाटेला धावताना दिसला. तिओंगे अजून वळून बसली होती, अजून हसत होती. लोफिनाने तिच्या डोक्यावरून चष्मा ओढून काढला, इतक्या जोरात की पट्ट्यात केस अडकले.

दिवस कलायच्या आत तिओंगेचा मामा बिझिवेक लोफिनाच्या अंगणात आला. आमच्याकडे बापापेक्षा मामा मोठा. बहिणीच्या लेकरांचा धनी तो. तिओंगेला पाटी त्यानेच घेऊन दिली होती, आणि ती आजारी पडली तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात त्यानेच नेली होती. तो ओसरीच्या कडेला टेकला. घोट्यावर कुदळीची जखम होती, ओली. फडकं आता नव्हतं.

"बसा, भाऊ. थोब्वा देऊ प्यायला?"

"नको. मी आत्ताच आलो कासुंगूहून. तंबाखूच्या बाजाराला गेलो होतो, श्राद्धाच्या दिवशी. इथे नव्हतोच."

"हो का."

"नव्हतोच." त्याने पाय ओढून घेतला. माशी उठली, पुन्हा बसली. "माझ्या पायालाही काही लागलेलं नाही."

लोफिनाने जखमेकडे पाहिलं नाही. "बरं झालं लागलं नाही ते."

"पोरगी काहीतरी बरळली म्हणतात."

"लहान आहे."

"लहान आहे म्हणून तर." त्याचा आवाज खाली आला. "तुमच्याबरोबर शिकायला एक होती ना, बाई? तुम्हीच सांगितलं होतंत माझ्या बहिणीला."

होती. एका मळ्यावरच्या शाळेत, लोफिनाच्या शेजारी बसायची. विहिरीवर एकदा म्हणाली होती की त्या लांब कानांच्या जनावराला आमच्या बाबांसारखी उचकी लागते. एवढंच. तिला राईत नेलं. काही दिवसांनी आणून सोडलं. अंगावर ओरखडा नव्हता. पण ती पुन्हा शाळेत आली नाही, आणि त्यानंतर लोफिनाने तिला विचारलेल्या कुठल्याही गोष्टीला तिने "मला नाही माहीत" याखेरीज उत्तर दिलं नाही. आज काय शिजवलंस? मला नाही माहीत. राईत काय झालं ते कुणी सांगत नाही. लोफिनानेही विचारलेलं नव्हतं.

"उद्या मुखियाकडे बैठक आहे," बिझिवेक म्हणाला. "राईतले तिला मागणार. आणि मागणाऱ्यांत मला बसावं लागेल. मी नाही बसलो तर का नाही बसला, हा प्रश्न येतो." तो उठला. "तुम्ही शिकलेल्या आहात. काहीतरी शोधा."

सकाळी लोफिना शाळेच्या मागे तिओंगेला भेटली. पोर कडेला बसून मातीत काडीने रेघा ओढत होती. रात्रभर मारणं चाललं होतं आणि रडणंही, दोन्ही आईचंच.

"तुला नीट दिसलं नसेल," लोफिना म्हणाली.

"दिसलं."

"ऊन होतं. सावल्या होत्या. झाडाचं खोड कधीकधी—"

"खोड पाणी पितं का, बाई?"

"तिओंगे, जीभ आवर."

"तुम्हीच म्हणालात मागे बघा. तुम्हीच म्हणालात जे कुणी सांगितलं नाही ते सांगा." तिने डोळे वर केले. "मी काही वाईट पाहिलं नाही. मामा पाणी पीत होता. त्याला तहान लागली होती."

लोफिनाला वाटलं, हिला जवळ घ्यावं. तिने तिच्या हातातली काडी काढून घेतली आणि फेकून दिली.

बैठकीआधी तिने शिक्षकांच्या खोलीचं दार लावलं आणि चष्मा लावला. चित्र पुसायचं होतं. पुसण्याआधी एकदा बघायचं होतं. ओढा. घळी. लाल माती. पाठीमागून आवाज आले, आता लक्ष देऊन ऐकलं म्हणून आले: पालापाचोळा चुरडल्याचा, भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी ओतल्याचा. आणि एक खोकला. खोकला ओळखीचा होता. वळलं की दिसणार होतं. कुणीही नव्हतं, दार बंद होतं, तोंडावर पेटी होती; ती कुठे बघते आहे हे ईश्वराखेरीज कुणाला कळलं नसतं. तिने मान वळवायला घेतली. मानेत आईची बोटं होती. ती तशीच बसून राहिली, ओढ्याकडे बघत, खोकला ऐकत, चित्र संपेपर्यंत. मग तिने ते पुसून टाकलं.

मुखिया चिम्फेपोच्या अंगणात आंब्याखाली पुरुष बाकांवर आणि स्टुलांवर बसले होते, बायका जमिनीवर पाय लांब करून. लोफिनासाठी खुर्ची मांडली होती. ती तिओंगेच्या आईशेजारी जमिनीवर बसली. राईतल्यांच्या वतीने म्हातारा सालाटिएल बोलायला आला होता, कोरडा, काटक, हातात माशा हाकायचं शेपूट. बिझिवेक त्याच्या मागे होता.

"बोला," मुखिया म्हणाला. "काय झालंय?"

"ही पोर बोलली."

"पोरी बोलतातच. काय बोलली?"

"बोलू नये ते."

"ते मला बैठक बोलावली तेव्हाच कळलं. पण काय?"

सालाटिएलने शेपूट झटकलं. त्याच्या बाजूचे लोक एकमेकांकडे बघू लागले. जे ती बोलली ते ज्याने उच्चारलं तोच गुन्हेगार होणार होता.

"मुखिया, मी सांगितलं तर माझीच बकरी जाईल," मागून कुणीतरी म्हणालं. बायकांत हसू फुटलं आणि लगेच दबलं.

"मग ज्याचा उच्चार नाही त्याचा न्याय मी कसा करू?"

"न्याय मागतोय कोण?" सालाटिएल म्हणाला. "पोर आमच्या हवाली करा. आम्ही शिकवू. शाळेने शिकवलं, आता थोडं आम्ही शिकवू."

तिओंगेच्या आईच्या घशातून एक आवाज आला, भांडं घासल्यासारखा. बिझिवेक जमिनीकडे बघत होता. त्याने पाय स्टुलाखाली घेतले होते.

मुखिया जाड, दमेकरी माणूस होता. श्राद्ध त्याच्याच आईचं होतं. त्याने लोफिनाकडे मान वळवली.

"बाई, मला शाळेतलं कळत नाही. तुमचं ते यंत्र आहे ना डोळ्यांवर बांधायचं. ते असलेलं दाखवतं, का नसलेलं दाखवतं?"

एक कोंबडी पाचोळा उकरत होती. लोफिनाला दार दिसलं. मुखियाने ते तिच्यासाठी किलकिलं करून ठेवलं होतं, आणि त्यातून जाणाऱ्याने काय मागे टाकायचं हेही त्याच दारात दिसत होतं. तिने तिओंगेकडे पाहिलं. तिओंगे तिच्या डोळ्यांत बघत होती, उत्तर ठाऊक असलेल्या हुशार मुलीसारखी.

"नसलेलं दाखवतं," लोफिना म्हणाली.

"म्हातारी माणसं आहेत. मोठ्याने."

"नसलेलं दाखवतं. पुढ्यात समुद्र नसतो, ते समुद्र दाखवतं. पाणी नसतं, पाणी दाखवतं. मुलगी वर्गात बाकावर होती. तिने जे पाहिलं ते नव्हतं."

"बाई—" तिओंगे म्हणाली, आणि आईने तिचं तोंड दाबून धरलं.

बिझिवेकने पहिल्यांदाच मान वर केली. "पोरीला लहानपणापासून स्वप्नं पडतात," तो म्हणाला. "एकदा म्हणाली बकरी गाणं म्हणते."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले, गरजेपेक्षा जास्त. सालाटिएल हसला नाही. त्याला कुणी फसवलेलं नव्हतं; पण आडवस्त्र पुन्हा दोन्ही बाजूंनी धरलं गेलं होतं आणि त्याला तेवढंच हवं होतं.

"हे शाळेत सांगा," तो म्हणाला. "ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांपुढे."

"सांगते."

"आणि स्वप्नाबद्दल कोंबड्या द्या. स्वप्नसुद्धा फुकट नसतं."

शाळेत झेंड्याखाली रांगा लागल्या होत्या. लोफिनाने सांगितलं. चष्मा जे नाही ते दाखवतो. त्यात दिसलेलं बाहेर बोलायचं नसतं. वाक्य लहान होतं, पण ते संपता संपेना. रांगेत तिओंगे कुठे उभी आहे ते तिने पाहिलं नाही.

वर्गात योटामूने हात वर केला. त्यात खोडी नव्हती; त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग समुद्रपण नाही का, बाई?"

"समुद्र आहे."

"पण तुम्ही म्हणालात—"

"आहे, योटामू. समुद्र आहे."

"तुम्ही पाहिलाय?"

तिने तोंड उघडलं. तिने पाहिला होता. लाटेला भिऊन कापड वर धरलं होतं, सगळ्यांदेखत. कुठे पाहिला, हे सांगायची आता सोय राहिली नव्हती.

"पुस्तकात आहे," ती म्हणाली.

त्यानंतर चष्मे चालू राहिले. संस्थेला दर महिन्याला कळवायचं असे आणि ती कळवत असे की मुलं आनंदाने वापरतात. ते खोटं नव्हतं. मुलं आनंदाने वापरत. नियमही मुलांनी पाळला, फक्त त्याचा खेळ झाला. चष्मा काढला की एकजण म्हणे, "मी माझी आजी हत्तीवर बसलेली पाहिली," दुसरा म्हणे, "मी सालाटिएलला झग्यात पाहिलं," आणि वर्ग लोळे. धडधडणारं हृदय दाखवलं तेव्हा एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "असं काही नसतं गं आत." लोफिनाने दोनदा रागावून पाहिलं. मग एक दिवस खोक्यातून खडू घेतला आणि फळ्यावर आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर आकाश, रेघेच्या खाली पाणी. मुलं गप्प बसून बघत राहिली. रेघेवर त्यांचा विश्वास बसला.

तिओंगे शाळेत येत होती. तिला कुणी नेलं नाही, तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही. लोफिनाने हेच मागितलं होतं आणि तेच मिळालं. बेरजा चोख, अक्षर चांगलं. विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त उत्तर देताना जमिनीकडे बघायची, आणि गावातल्या बायका तिच्या आईला म्हणायच्या, पोर किती शहाणी झाली गं.

पाऊस संपल्यावर सरोवराकाठच्या शाळेचं चित्र आलं. लोफिनाने ते घरी नेलं. दार लावून, मांडीवर हात घट्ट ठेवून पाहिलं. समोर सरोवर, होड्या, वाळत घातलेली चिमुकली मासळी. मग तिने मान धरली, खरोखर दोन्ही हातांनी आपलीच हनुवटी धरली, आणि वळवली. मागे काठावर मुली भांडी घासत होत्या, तिओंगेच्याच वयाच्या. त्यांच्यातल्या एकीला गोळा दिसला होता. तिने राखेचा हात वर केला होता आणि ती हलवत होती, हसत, सरळ बघणाऱ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी लोफिनाने पहिला नंबर तिओंगेला दिला. वर्गाला बाहेर काढलं, म्हणाली, मैदान झाडा. दोघीच उरल्या. पट्टा तिने हलक्या हाताने बांधला, केस अडकू न देता.

तिओंगे ताठ बसली, हात गुडघ्यांवर.

"काय दिसतं?"

"पाणी."

"आणखी?"

"होडी. मासळी वाळत घातलीय."

"हे खरं आहे, तिओंगे. हे आपलं सरोवर आहे. तिथल्या मुलांनी टिपलंय."

"हो, बाई."

"वर्गात दुसरं कुणी नाही. मी एकटीच आहे." लोफिनाचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, ओसरीवर बसलेल्या बिझिवेकसारखा. "आता मागे बघ."

मुलीची मान हलली नाही. बाहेर झाडू खरखरत होते, कुणीतरी कुणाला शिवी देत होतं.

"बघ ना. मी पाहिलंय. मागे कुणीतरी आहे."

"मागे काही नाही, बाई," तिओंगे म्हणाली. समजूत घातल्यासारखं, मोठ्या बाईसारखं.

लोफिनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. चित्र अजून चालू होतं. त्या काळ्या पेटीत, त्या मुलीच्या पाठीमागे, ती दुसरी मुलगी अजून हात हलवत असणार.